कोरड्या बाटलीचे युसूफभाई

युसूफभाई,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. दवाखाना मी तिसऱ्या दिवशीच उघडला. डोणगावचा बाजार होता, खेड्यांतून लेकरं घेऊन बाया येणारच होत्या. पहिल्याच मुलाच्या चिठ्ठीवर कानाचं औषध लिहिलं आणि सवयीने हात भिंतीतल्या खिडकीकडे गेला. खिडकी पलीकडून, तुमच्या दुकानाच्या बाजूने, बंद होती. त्या बाईला म्हटलं, "बसस्टँडजवळच्या मेडिकलमधून घ्या." ती जागची हलली नाही. म्हणाली, "तिथं ते सांगत नाहीत न मॅडम, नुसतं देतात." मग मीच तिला सगळं समजावून सांगितलं. तुम्हाला दोन मिनिटं लागायची, मला दहा लागली. तरी ती निघताना खिडकीकडेच बघत होती.

तुमच्याबद्दल इथल्या पेपरात दोन ओळी आल्या. जन्म, शिक्षण, मागे कोण कोण. ते मी परत लिहीत नाही. मला आपलं भांडण लिहायचं आहे. वीस वर्षं पुरलं ते आपल्याला, आणि तुम्ही ते अर्ध्यात टाकून गेलात.

मी सांगलीकडची. नवऱ्याची बदली मेहकरला झाली आणि मी डोणगावात हा दवाखाना घेतला, खिडकीसकट. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी ती भिंतीत पाडून घेतली होती, चिठ्ठी थेट शेजारी तुमच्या मेडिकलमध्ये जावी म्हणून. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एक आई म्हणाली, "पोट्टी दूध पिऊन राह्यली." मी विचारलं, "किती राहिलं?" ती म्हणाली, "काय राह्यलं?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. तेवढ्यात खिडकीतून तुमचा आवाज आला, "ताई, पिऊन राह्यली म्हंजे पिते आहे. राह्यलेलं काही नाही." ती बाई तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला होता, खरं सांगते. माझ्या तपासणीत तुम्ही कान देऊन बसता, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे तुमच्या कानाची मला इतकी सवय झाली, की एखादी आई काय म्हणते ते समजलं नाही तर मी मान वळवायचे आणि तुम्ही तिकडून अर्थ सांगायचात.

पहिलं भांडण कापूस वेचणीच्या दिवसांतलं. एका बाईने तीन वर्षांचा मुलगा आणला होता. सर्दी, बारीक ताप, डावा कान आतून लाल. मी पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलं. चिठ्ठी खिडकीतून गेली, औषध काही आलं नाही. तुम्हीच दुकान सोडून आत आलात.

"ताई, कान फुटला हाय का नुसता लाल हाय?"

"लाल आहे."

"मंग दोन दिवस दुखण्याचं औषध देऊन पाहू न. पुष्कळ लेकराईचे कान आपसूक बरे होतात. तुमच्याच पुस्तकात असन."

पुस्तकात होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. तुम्हाला बाहेर नेऊन मी हळू आवाजात म्हटलं, "युसूफभाई, ही बाई दोन दिवसांनी परत येणार आहे का? तिचा वेचणीचा दिवस बुडतो. आज आली तेच खूप आहे. मी आज दिलं नाही आणि परवा कान चिडला, तर ती कुठे जाईल?"

तुम्ही हातातली चिठ्ठी परत एकदा वाचलीत. मग म्हणालात, "हे बी खरं हाय." आणि औषध दिलंत. पण संध्याकाळी शटर ओढायच्या आधी येऊन तुम्ही मला नगमाची गोष्ट सांगितली.

नगमा तेव्हा पाच वर्षांची होती, तुमच्या काउंटरवर बसून रिकाम्या खोक्यांची गाडी करायची. एक ते तीन या वयात तिचा कान सतत दुखायचा. दर वेळी औषध. मी यायच्या आधीचे दिवस ते. चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांची असली, तरी बाटलीत पाणी घालून हलवून देणारे तुम्हीच. "माह्या हातानं देल्लं, ताई. एक संपली की दुसरी. आधीपेक्षा तेज." मग तिला जुलाब लागले. थांबेचनात. तोंडात पांढरे चट्टे आले, वरण-भात पाहिला की रडायची. शेवटी खामगावला नेऊन भरती करावं लागलं. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं, की आतड्यात अगणित सूक्ष्म जीव राहतात. अन्न पचवायला ते मदत करतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. कानातल्या जंतूंसाठी दिलेलं औषध पोटात जातं तेव्हा यांनाही झोडपतं. मोठ्या माणसाचं पोट सावरतं, पण लहान लेकराच्या पोटात तो सगळा जम अजून बसत असतो. वरचेवर मार बसला, तर तो नीट बसायला फार वेळ लागतो.

"कान बरा करता करता मी पोट्टीचं पोट उजाड केलं," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला समजावायला हवं होतं. पण मी नवी होते, डॉक्टर होते. "एका मुलीवरून नियम होत नाही, युसूफभाई," एवढंच बोलले. तुम्ही मान हलवलीत, माझं म्हणणं पटल्यासारखी. तुमच्या त्या मान हलवण्याने मी किती तरी वेळा फसले.

त्या वर्षांत सगळीकडे एकच बोलणं होतं, नव्या कापसाचं. बीटी बियाण्याचं पाकीट आलं, बोंडअळी मरते म्हणाले, पहिली एक-दोन वर्षं फवारे कमीही झाले. मग तुडतुडे वाढले, पांढरी माशी आली आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. तुमच्या पलीकडच्या कृषी केंद्रात माणसं म्हणायची, "सगळ्यावर चालते असं काही द्या." आणि त्यांच्याच बायका माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "मॅडम, तेज औषध द्या." एका रविवारी तुम्ही मला जानेफळ रस्त्याच्या तुमच्या शेतात नेलंत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान उलटं करून दाखवलंत. त्यावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा होता.

"हा ढालकिडा. कपाशीवरला मावा खाते. भावानं मागच्या साली तीन औषधं एकत्र करून मारली. मावा आठ दिवसांत परत आला. हे मात्र आता कुठं, औंदा, दिसून राह्यले."

"लेकराचं पोट म्हणजे कापसाचं शेत नाही," मी म्हटलं.

"हाव, नाही. शेतात मी वाकून पाहू शकतो. पोटात कोण पाह्यते?"

 

कोरड्या बाटलीची युक्ती तुमचीच. मी ती परिषदांमध्ये सांगितली तेव्हा दोन वेळा "आम्ही" म्हणाले आणि एकदा चुकून "मी" म्हणाले. ते आधी कबूल करते. औषधाची बाटली पावडर असलेलीच द्यायची, पाणी न घालता. सोबत दुखण्याचं आणि तापाचं औषध. आईला सांगायचं, दोन दिवस हेच द्या. उतार पडला तर बाटली तशीच परत आणा. नाही पडला तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, सुरू करा आणि सांगितलेले दिवस पूर्ण करा. बाईचा दिवस बुडत नव्हता आणि लेकराला उगाच औषध जात नव्हतं. मी फक्त अटी घातल्या. दोन वर्षांखालचं लेकरू नको, दोन्ही कान लाल असले तर नको, पू असला तर नको, जास्त ताप असला तर नको. तुम्ही हसलात, "नको नको करून काही ठेवलं का नाही?" ठेवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात कितीतरी बाटल्या कोरड्याच परत आल्या. तुम्ही त्या फळीवर मांडून ठेवायचात आणि मला बोलावून दाखवायचात, एखाद्याने पोराची बक्षिसं दाखवावी तशा.

बाटली दिल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या एम-एटी स्कूटरवर बसून गावोगाव जायचात, हे मला बरेच महिने माहीतच नव्हतं. दुपारी दुकान बंद का असतं, म्हणून तुमच्या घरी रेहानाभाभींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कान देखने गये." मी विचारलं, "कुणाचे?" त्या म्हणाल्या, "सबके."

आणि मग वेणूचं झालं.

वेणू चार वर्षांची. तिची आई शोभा जानेफळच्या पलीकडच्या एका वस्तीवर राहायची. नवरा पुण्याला बांधकामावर, घरची अडीच एकर कपाशी आणि सासू तिच्या एकटीच्या अंगावर. वेणूचा उजवा कान लाल होता, ताप बारीक, सगळ्या अटींत बसणारी मुलगी. मी कोरडी बाटली लिहिली, तुम्ही दिलीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या घरी गेलात तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, सासू शेतात आहे, शोभा लेकीला घेऊन माहेरी वेचणीला गेलीय, जाताना पोरगी खेळत होती. तुम्ही परत आलात. पण तुम्हाला चैन पडेना, म्हणून पाचव्या दिवशी तुम्ही विचारत विचारत तिच्या माहेरच्या शेतात पोहोचलात. वेणू बांधावर पोत्यावर निजली होती. कानामागे मोठी सूज होती आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसत होता. एका जीपवाल्याला हातापाया पडून तुम्ही दोघींना माझ्याकडे आणलंत.

 कानामागच्या हाडापर्यंत पू गेला होता. अकोल्याला न्यायला हवं होतं, लगेच. मी शोभाला विचारलं, "बाटलीत पाणी का घातलं नाही?" ती रडत म्हणाली, "दुसऱ्या दिवशी ठणक थांबली न मॅडम. मले वाटलं बरी झाली. मंग परत दुखली त मी म्हटलं आज थांबते, उद्या थांबते." दवाखान्यात पंधरा-वीस माणसं असतील. त्या सगळ्यांसमोर मी तुमच्याकडे वळले आणि ओरडले, "तुम्ही दुकानदार आहात, युसूफभाई. डॉक्टर नाही. हे विसरत जाऊ नका."

चिठ्ठी माझी होती. सही माझी होती. अटी माझ्या होत्या.

तुम्ही वेणूला उचललंत आणि त्याच जीपमध्ये बसलात. अकोल्याला तिचं ऑपरेशन झालं, शिरेतून इंजेक्शनं चालली. नऊ दिवस तुम्ही तिथे होतात. आत शोभा, बाहेर व्हरांड्यात तुम्ही. इंजेक्शनांनी वेणूचं पोट बिघडलं तेव्हा तुम्हीच कुठून तरी ताजं दही आणून भातात कालवून शोभाकडे देत होतात, हे तिने मला नंतर सांगितलं. वेणू वाचली. कानही वाचला. परत आल्यावर तुम्ही खिडकीतून एवढंच म्हणालात, "ताई, त्या इंजेक्शनाले मी सलाम ठोकला." त्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला, पण तो नव्हता.

पुढचे सात-आठ महिने मी सरसकट औषध लिहिलं. कान दिसला की लिही. तुम्ही न बोलता बाटलीत पाणी घालून द्यायचात. खिडकीतून चिठ्ठी जायची, औषध यायचं. तुमचा आवाज यायचा नाही. बायांच्या बोलण्यातलं एखादं अक्षर मला कळायचं नाही आणि मी मान वळवायचे नाही. तेवढे दिवस मी डोणगावात खरोखर परकी होते.

ते मोडलं शोभाने. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ती वेणूला घेऊन आली. या वेळी डावा कान. मी मुकाट्याने अँटिबायोटिक लिहायला घेतलं तर ती म्हणाली, "मॅडम, भाऊ ती कोरडी बाटली देत नाहीत का आता?"

मी थक्क होऊन तिच्याकडे पाहिलं. "शोभा, तुझी मुलगी त्या बाटलीपायी..."

"बाटलीपायी नाही," ती म्हणाली. "मले कोणी सांगतलंच नव्हतं का कानामागं पाहाचं. दुखलं त पाणी टाका, एवढंच सांगतलं. ठणक थांबली की मले वाटलं झालं. सांगतलं असतं त मी पाह्यलं नसतं काय? कपाशीवर अळी पाह्यतो न आम्ही, पान उलटं करून करून? लेकराचा कान नसता पाह्यला?"

खिडकीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तुम्ही ऐकत होतात. आठ महिन्यांनी तुम्ही आत आलात. माझ्याकडे पाहिलंत, शोभाकडे पाहिलंत, आणि खिशातून पेन काढून टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठीवर उभ्या उभ्या लिहिलंत. तो कागद माझ्याकडे अजून आहे. "दोन दिवस दुखण्याचं औषध. तिसऱ्या दिवशी ठणक राह्यली, नाहीतर थांबून परत आली, त बाटलीत पाणी टाका. कानामागं फुगलं, कान पुढं आला, पू आला, लेकरू सुस्त पडलं, त बाटली राहू द्या अन् लेकरू घेऊन निघा." शोभाने ते मोठ्याने वाचलं. एक शब्द बदलायला लावला. तुम्ही "लक्षणे" असं काहीतरी वर लिहिलं होतं. ती म्हणाली, "हे काऊन लिव्हलं? हे खोडा. नुसतं 'हे पाहा' लिव्हा." तुम्ही खोडलंत. डॉक्टर मी, फार्मासिस्ट तुम्ही, आणि आपल्या दोघांचं राहिलेलं तिने पुरं केलं.

त्यानंतर बरीच वर्षं बरी गेली. बोंडअळी गुलाबी होऊन परत आली, तुमच्या भावाने कापूस सोडून सोयाबीन धरलं, वेणू बारावी झाली. आतड्यातल्या जिवांवर नवं काही छापून आलं की मी तुम्हाला वाचून दाखवायचे. लहानपणी वरचेवर अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांच्या पोटातले हे जीव कमी प्रकारचे उरतात, सावरायला महिने लागतात, त्याचा पुढच्या दुखण्यांशी संबंध असावा असं काहींना वाटतं. तुम्ही डोळे बारीक करून ऐकायचात.

"म्हंजे मी बरोबर होतो?"

"अर्धे. 'असावा' म्हटलंय, 'आहे' म्हटलेलं नाही."

"अर्धं बी पुष्कळ झालं, ताई."

नगमाच्या पोटाचं नेमकं कशामुळे झालं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तुम्ही ते स्वतःच्या माथी घेतलंत आणि मी तुम्हाला ते पुरतं उतरवू दिलं नाही. दर वेळी "असावा" म्हणत राहिले. विज्ञान म्हणून ते बरोबर होतं. मैत्रीण म्हणून मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, की तुम्ही बाप म्हणून तेव्हा जे माहीत होतं तेच केलंत.

आणि ते दुकानदाराचं वाक्य. मी त्याची माफी कधीच मागितली नाही. कागद लिहिला गेला, चहा आला, तुम्ही हसलात आणि मला वाटलं मिटलं. एकदा ईदला तुमच्याकडे शिरखुर्मा खाताना तोंडाशी आलं होतं. तुम्हाला बहुधा कळलं, कारण तुम्ही घाईने माझी वाटी परत भरलीत. युसूफभाई, मी चुकले होते. स्वतःची भीती मी तुमच्या अंगावर फेकली, आणि तीही लोकांसमोर. हे लोकांसमोरच लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही जायच्या चार दिवस आधी नगमा बाळंतपणानंतर पहिल्यांदा मोठ्या मुक्कामाला आली होती, नऊ महिन्यांच्या अयानला घेऊन. सकाळी तुम्हीच त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे आलात. अंग भाजत होतं. मी दोन्ही कान पाहिले. दोन्ही लालभडक, पडदे फुगलेले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि मला माहीत होतं तुम्हाला काय विचारायचं आहे.

"नाही, युसूफभाई," मी म्हटलं. "हे थांबायचं नाही."

तुम्ही वाद घातला नाहीत. दुकानात जाऊन स्वतः पाणी उकळलंत, गार होईपर्यंत नातवाला फिरवलंत, बाटलीत खुणेपर्यंत पाणी घातलंत. मग बराच वेळ ती हलवत राहिलात. नगमा म्हणाली, "अब्बू, मैं करूं?" तुम्ही बाटली दिली नाहीत. पहिला डोस तुम्हीच पाजलात. मग तिला सांगितलंत, "दस दिन पूरे करना. बीच में अच्छा लगा तो भी. पेट का बाद में देखेंगे."

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. घरात माणसं, रडणं, कुराणाचं वाचन. पण नगमाने एक डोस चुकवला नाही. रेहानाभाभींनी मला सांगितलं, की मय्यत निघत होती तेव्हाही ती आतल्या खोलीत चमच्याने औषध मोजत होती, आणि कुणीतरी तिला बोल लावला तर ती म्हणाली, "अब्बू बोलके गये."

काल तिने मला बोलावलं. औषध संपून पाच दिवस झाले होते. मधे दोन-तीन दिवस अयानला पातळ शी होत होती, ढुंगण लाल झालं होतं, म्हणून ती घाबरली होती. आता ते थांबलंय. मी त्याला खाटेवर बसलेल्या भाभींच्या मांडीवर देऊन दोन्ही कान पाहिले. त्याने माझा हात धरला, कान ओढू दिला, रडला नाही. मग नगमाने दह्यात कालवलेली मऊ खिचडी आणली, आणि तो तोंड उघडून पुढे झाला.

दोन्ही पडदे स्वच्छ आहेत, युसूफभाई. अर्धी वाटी खाल्ली त्याने, आणि अजून मागत होता.